‘एका बाहीचा कोट’ आणि न मागितलेली माफी

…आणि वर मला म्हणतो, “सर, माफी मागून टाका ना!” मागून टाका! जशी काही कचऱ्याची पिशवी आहे, कामाला निघताना जाता जाता टाकली! बरं, म्हणणारा कोण? आमचा संपादक. माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान, मला ‘सर’ म्हणतो आणि माझं एक अक्षर ऐकत नाही. तुम्हाला सांगतो, चौकटसुद्धा आखून ठेवली होती पठ्ठ्याने! चार बोटं रुंद, दोन बोटं उंच, वर ठळक अक्षरांत ‘दिलगिरी’ आणि खाली काय? “या सदरात गेली सव्वीस वर्षे ‘एका बाहीचा कोट’ या चित्रपटाची जी स्तुती करण्यात आली, ती तांत्रिक चुकीमुळे होती.” ऐकलंत? स्तुती, तांत्रिक चुकीमुळे! अहो, लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली तर ती तांत्रिक चूक. मी सव्वीस वर्षं एका सिनेमावर जीव टाकला, ती तांत्रिक चूक? मी म्हटलं, “बाबा रे, मला तो सिनेमा आवडला. आवडला म्हणजे आवडला!” तर मान वाकडी करून म्हणतो, “सर, पण तुम्हाला जो आवडला, तो सिनेमा अस्तित्वातच नाही ना…”

थांबा. असं मधूनच सांगितलं तर तुम्हीही त्याच्याच बाजूला जाऊन बसाल. पहिल्यापासून सांगतो.

मी काय करतो? मी दर गुरुवारी, पान पाच, शब्दकोड्याच्या बरोब्बर वर, एक सदर लिहितो. ‘उरलेसुरले’. त्यात काय असतं? मोठमोठ्या दिग्दर्शकांचे फसलेले सिनेमे! आता प्रत्येक थोर माणसाचे चार-पाच सिनेमे असे असतात की त्यांच्यावर इतकं लिहून झालंय, इतकं लिहून झालंय, की त्या सिनेमांना स्वतःला काही बोलायचं असेल तर जागाच उरलेली नाही. ते खातं माझ्याकडे नाही. ते आमच्या ‘चार तारे’कडे. त्याचं खरं नाव वेगळं आहे, पण ऑफिसात चहावालासुद्धा त्याला चार तारेच म्हणतो, कारण कुठल्याही मोठ्या माणसाने काहीही काढलं की हा डोळे मिटून चार तारे देतो. शनिवारचं अख्खं पान! फोटोसकट! पाच कधी देत नाही, म्हणतो, “पाचवा मी राखून ठेवलाय.” कोणासाठी राखून ठेवलाय, मुलीच्या लग्नासाठी?

मला मिळतात ते उरलेले. जे चार दिवसांत थिएटरवरून उतरले, ज्यांचं नाव काढलं की खुद्द दिग्दर्शक विषय बदलतो, “आज गरम होतंय नाही?” म्हणतो. पण तुम्हाला सांगतो, तिथेच मजा असते! एक आहेत, जन्मभर लढाया काढल्या, घोडे, तोफा, धूर… त्यांनी मधेच एक लाँड्रीवरचा सिनेमा काढला. अडीच तास इस्त्री! आपटला. आपटणारच. पण त्यात एक बाई एकटी मोठ्या चादरीची घडी घालते, चार टोकं आणि हात दोन, एक टोक हनुवटीखाली धरते, दुसरं सुटतं, ते पकडायला जाते तर तिसरं सुटतं… अहो, ती लढाई त्या माणसाला कुठल्या तोफेत जमली नाही! दुसरे एक, रडवण्यात हातखंडा. त्यांनी एकदा विनोदी काढला. सिनेमाभर कोणी हसलं नाही, पात्रं नाही, प्रेक्षक नाही, शेवटी नावं वर सरकायला लागली आणि त्यात त्यांच्या मेव्हण्याचं नाव सात वेळा आलं तेव्हा मात्र थिएटर हसलं. पण मी लिहिलं! मी लिहिलं की बाबांनो, हा माणूस मेव्हण्याला नाही म्हणू शकत नाही, आणि म्हणूनच त्याला दुसऱ्याचं रडू इतकं चांगलं कळतं. चार तारे म्हणाला, “हे काय परीक्षण झालं?” झालं! माझं झालं!

तर असंच सव्वीस वर्षांपूर्वी… रविवार, सकाळचे अकरा. आमचा फिल्म क्लब. क्लब म्हणजे काय, फर्निचरच्या गोदामाच्या वरचा हॉल, चाळीस खुर्च्या, त्यातल्या अकरा खालच्या गोदामाने नाकारलेल्या. प्रोजेक्टर एकच. म्हणजे काय व्हायचं, सिनेमा असतो बारा डब्यांत, एकेक डबा दहा-बारा मिनिटांचा, डबा संपला की दिवे लागायचे, ऑपरेटर खिडकीतून हात बाहेर काढून दोन बोटं दाखवायचा, “दोन मिनिटं!” आणि पुढचा डबा लावायचा. म्हणजे नायक नायिकेचा हात धरणार तेवढ्यात दिवे, दोन बोटं, सगळे खोकून घेणार, पुन्हा अंधार. त्याची सवय होती आम्हाला.

सिनेमा कोणाचा, तर थोरल्यांचा. आम्ही त्यांना थोरलेच म्हणतो. आज ऐंशीचे आहेत, तेव्हाही कोणी त्यांच्यासमोर खुर्चीत मागे रेलून बसत नसे. त्यांचा हा सातवा सिनेमा, ‘एका बाहीचा कोट’, चार दिवसांत उतरलेला. इतका पडला, इतका पडला, की थोरल्यांनी स्वतःच्या यादीतून खोडून टाकला. मुलाखतीत कोणी विचारलं, “तुमचे किती चित्रपट?” तर सहानंतर थेट आठ मोजायचे!

गोष्ट साधी. एक म्हातारा शिंपी. त्याला मुलासाठी कोट शिवायचाय. मुलाला कोट नकोय, दुकान नकोय, बाप तर मुळीच नकोय. आता मी काय पाहिलं ते ऐका. पाचव्या डब्यात म्हातारा कापड आणतो. नुसतं कापड! आणि सहाव्या डब्यात? दुकान बंद, खिडकीतून पांढरा उजेड, म्हाताऱ्याचा चष्मा मशीनवर ठेवलेला, म्हणजे म्हातारा गेलेला, आणि मुलगा एकटा, अंगात तो कोट! एकाच बाहीचा! अरे, कापड तर आत्ता आणलं, कोट आला कुठून? मी खुर्चीच्या टोकाला आलो. सातव्यात म्हातारा पुन्हा जिवंत, मशीनवर बसून तोच कोट शिवतोय, एक बाही लावून झालीय. आठव्यात म्हातारा जातो. सुई हातात, दोरा तोंडात, जातो. दिवे लागले. दोन बोटं. सगळे खोकले.

आणि नववा डबा. जेवणाचं टेबल. मुलगा बसलाय, आणि समोर… बाप! गेलेला बाप! नेहमीसारखा येतो, खुर्ची ओढतो, घास घ्यायच्या आधीच म्हणतो, “मीठ.” आणि मुलगा दचकत नाही, किंचाळत नाही, काही नाही. मिठाचं भांडं उचलून पुढे करतो. दोघं थोडे भांडतात. मग म्हातारा गळ्यातली टेप काढतो नि म्हणतो, “हात वर कर. माप घेतो.” मुलगा हात वर करतो. मेलेला बाप, राहिलेल्या बाहीचं माप घ्यायला परत आलाय हो! आणि दहाव्या डब्यात दुकानाची वाटणी करायला नातेवाईक हजर, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही!

आता तुम्हाला सांगतो, आणि हे मी सदरात कधी लिहिलं नाही… माझे बाबा जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. माझी धड चाललेली नोकरी मी सोडली होती, सिनेमावर लिहिण्यासाठी, आणि बाबांना ते मरेपर्यंत पटलं नाही. आमचं शेवटचं बोलणं जेवणाच्या टेबलावरचं. बोलणं कसलं, आरडाओरडाच. तेही असेच, चव न घेता आधी मीठ मागणारे. “मीठ,” म्हणाले. मीठ माझ्या हाताशी होतं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, ताट ढकललं आणि उठून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले. एवढंच. तेव्हा आता मला सांगा, तीन महिन्यांनी पडद्यावर एक मेलेला बाप येऊन मीठ मागतो आणि मुलगा ते देतो, हे बघून मी काय करायला हवं होतं? छायाचित्रणाची नोंद? मी रडलो. चाळीस खुर्च्यांच्या हॉलमध्ये हुंदके देऊन रडलो. शेजारी बायको बसली होती, आमच्या लग्नाला तेव्हा वर्ष व्हायचं होतं, तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काही बोलली नाही. ती काही बोलली नाही, हे लक्षात ठेवा हं. पुढे लागणार आहे.

गुरुवारी सदर लिहिलं. काय लिहिलं! “या शिंप्याने कापड शिवलं, पण दिग्दर्शकाने काळ उसवला!” आजही तोंडपाठ आहे. पुढच्या रविवारी दुसरा खेळ झाला, तोही पाहिला, तस्साच, पुन्हा रडलो. मग ती प्रिंट परत गेली आणि कुठे हरवली ती हरवलीच. आणि मी? मी दर दोन वर्षांनी, काहीतरी निमित्त काढून, ‘एका बाहीचा कोट’वर लिहायचोच. तेरा वेळा! वाचक पत्रं पाठवायचे, “कुठे पाहायला मिळेल?” मी उत्तर द्यायचो, “कुठेही नाही!” आणि त्यात मला, खोटं कशाला बोलू, जरा मजाही वाटायची. चार तारे म्हणायचा, “कुणी न पाहिलेल्या सिनेमावर लिहिणं सोपं असतं.” म्हणू दे! मला आवडला. आवडला म्हणजे आवडला!

आता यंदा थोरले ऐंशीचे झाले. त्यांचा गौरव-सप्ताह. मोठं थिएटर, तीनशे खुर्च्या, त्याही सगळ्या धड. आणि कुठल्याशा लॅबच्या तळघरात काय सापडावं? ‘एका बाहीचा कोट’! बारा डबे! थोरले म्हणाले, “नको.” पण आयोजक म्हणाले, “अहो, पेपरात ते गृहस्थ इतकी वर्षं लिहितायत…” ते गृहस्थ म्हणजे मी! माझ्यामुळे लागला हो तो सिनेमा! आणि प्रास्ताविकही मलाच करायला सांगितलं.

मी इस्त्रीचा शर्ट घातला. मी बावीस मिनिटं बोललो. पहिल्या रांगेत थोरले, काठीवर हनुवटी टेकवून. तिसऱ्या रांगेत चार तारे. आणि मी, तीनशे माणसांना, छाती पुढे काढून काय सांगितलं? “मित्रहो, या चित्रपटात बाप मरतो आणि नंतर जेवायला येतो! का येतो? कसा येतो? दिग्दर्शक सांगत नाही! हेच ते धाडस!” टाळ्या पडल्या. थोरल्यांनी हनुवटी काठीवरून उचलली आणि माझ्याकडे असं बघितलं… मला वाटलं, भरून आलंय त्यांना. अहो, तो माणूस विचार करत होता की हा कुठल्या सिनेमाबद्दल बोलतोय!

दिवे गेले. आता काही दोन बोटं नाहीत, सगळं सलग. बाप कापड आणतो. मी बायकोला कोपर मारलं, “आता बघ, कोट!” आणि पडद्यावर आलं जेवणाचं टेबल! बाप खुर्ची ओढतो, “मीठ.” जिवंत बाप! धडधाकट! मी म्हटलं, अरे, आत्ताच कसा जेवतोय हा? मरायचाय अजून! मग शिवतो. मग मरतो. मी खुर्चीचे हात घट्ट धरले, म्हटलं, आता येईल, आता येईल, ये रे बाबा… नाही आला. बंद दुकान आलं, चष्मा आला, मुलगा कोट घालून एकटा बसला, मग नातेवाईक आले, मग सिनेमा संपला. बाप मेला तो मेलाच! साधा, सरळ, जगातल्या सगळ्या बापांसारखा!

तीनशे माणसं वाट बघत होती हो, मी सांगितल्यामुळे! दिवे लागल्यावर मागून एका बाईंचा स्पष्ट आवाज आला, “तो जेवायला कधी आला? माझा डोळा लागला होता का?” आणि चार तारे… चार तारे तिसऱ्या रांगेत हळूहळू, अगदी सावकाश, मागे वळला. नुसता हसला. त्या हसण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तडक ऑपरेटरचं घर गाठलं. रिटायर झालाय, गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होता. मी म्हटलं, “सव्वीस वर्षांपूर्वीचा कोट आठवतो?” तो झारी खाली न ठेवता म्हणाला, “सहा आणि नऊ.” काय? “सहा आणि नऊ, साहेब. डबा गोल. झाकणावर इंग्रजी आकडा. झाकण फिरलं की सहाचा नऊ होतो, नवाचा सहा. म्हणून आकड्याखाली रेघ मारायची असते, ती गेली होती पुसून.” आणि कुंडीतलं पिकलेलं पान खुडतो शांतपणे! मी म्हटलं, “अरे, मग दुसऱ्या रविवारी तरी बरोबर लावायचास!” तर म्हणतो, “लावणारच होतो. चूक मला सोमवारीच कळली होती. पण गुरुवारी तुमचं आलं ना पेपरात! दिग्दर्शकाचं धाडस म्हणून! मी म्हटलं, एवढा शिकलेला माणूस लिहितोय म्हणजे हेच बरोबर असणार. मग दुसऱ्या खेळाला मुद्दाम तसंच लावलं.” मुद्दाम! माझ्याच सदरावरून!

घरी आलो, बायकोला सगळं सांगितलं. ती कपाट आवरत होती. म्हणाली, “हो, डबे उलटेच लागले होते.” म्हटलं, “तुला काय माहीत?” म्हणाली, “माहीत काय व्हायचंय त्यात? आधी अंगात कोट, मग त्याची शिवण. मला तेव्हाच कळलं होतं.” तुम्हाला सांगतो, मी मटकन पलंगावर बसलो. “सव्वीस वर्षं! तेरा सदरं! मी तीनशे लोकांसमोर बावीस मिनिटं! आणि तू एका शब्दाने बोलली नाहीस?” तिने हातातला टॉवेल खाली ठेवला. म्हणाली, “अहो, तुम्ही रडत होतात. बाबा गेल्यापासून तुम्ही रडलाच नव्हतात, मला घोर लागला होता. रडणाऱ्या माणसाला काय सांगायचं, की डबा चुकलाय?” आणि पुन्हा टॉवेलची घडी घालायला लागली.

मी उठलो आणि टॉवेलची उरलेली दोन टोकं धरली. आमच्या संसारात हे फार वेळा झालेलं नाही.

आणि त्यानंतर ऑफिसात ती चौकट! दिलगिरी! संपादक म्हणतो, “सर, बुधवारी दुपारपर्यंत सही करा. नाहीतर ‘उरलेसुरले’ बंद करावं लागेल. विश्वासार्हतेचा प्रश्न आहे.” चार तारे शेजारीच उभा, म्हणतो, “ती जागा मी भरून काढीन, माझ्या पानाला तसंही कमीच पडतं.” कमी पडतं! मोठा फोटो लाव अजून! मी आयुष्यभराची नोकरी सोडून, बापाशी भांडून, त्याला मीठसुद्धा न देता ज्या कामासाठी उठलो, ते काम हा शब्दकोड्याच्या वर फोटो लावून भरून काढणार!

बसलो. लिहिलं. माफी नाही लिहिली, सदर लिहिलं. लिहिलं की होय, डबे उलटे लागले. मान्य. थोरल्यांनी जो सिनेमा काढला तो फसलेलाच आहे, बाप जेवतो, मरतो, लोक येतात, संपतं, त्यात काही नाही. पण त्या रविवारी एका पुसलेल्या रेघेने जो सिनेमा काढला, तो थोरल्यांच्या सगळ्या सिनेमांच्या वर आहे, आणि तो मी पाहिलाय, आणि मी माफी मागणार नाही! मीठ, बाबा, सगळं लिहिलं. शेवटची ओळ, मला तो आवडला, आवडला म्हणजे आवडला. बुधवारी दुपारी संपादकाच्या टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, “छाप नाहीतर फाड. चौकटीवर सही होणार नाही.” त्याने वाचलं. चष्मा काढला, पुसला, बराच वेळ पुसला. म्हणाला, “छापतो, सर. पण हे शेवटचं.”

छापलं. शुक्रवारी सकाळी फोन. “मी बोलतोय.” थोरले! मी उभाच राहिलो, फोनवर काही दिसत नाही तरी. “सहा आणि नऊ?” म्हणाले. म्हटलं, “हो.” “सहाच्या जागी नऊ.” “हो.” “आणि मीठ आठव्यानंतर.” “हो.” पलीकडे कागदावर पेन्सिलीची खरखर. मग, “हं.” आणि ठेवला फोन! बस्स! मी दोन दिवस त्या ‘हं’चा अर्थ लावत होतो, बायकोला करून दाखवत होतो, “हं असं होतं, की हंऽ असं होतं?” ती म्हणाली, “दोन्ही सारखंच वाजतंय.”

अर्थ कळला तीन महिन्यांनी. थोरल्यांनी सिनेमा पुन्हा काढला बाहेर. डबे उलटे लावून! पोस्टरवर काय? “दिग्दर्शकाची मूळ कल्पना, प्रथमच.” मूळ! आणि मुलाखत वाचलीत? “हे माझ्या मनात पहिल्यापासून होतं. त्या वेळी निर्माता तयार झाला नाही.” निर्माता! तो बिचारा कधीच गेलाय, आता जेवायच्या टेबलावर येऊन तक्रार करणार थोडाच आहे! हॉल भरले. लोक रडले. बक्षिसं मिळाली. आता मोजताना थोरले सहानंतर सात मोजतात, आणि सातवर जरा थांबतात! आणि आमचा चार तारे… तुम्ही बसा आधी. पाच दिले! राखून ठेवलेला पाचवा काढला! अख्खं पान! आणि मथळा काय? “काळ उसवणारा दिग्दर्शक!” माझं वाक्य हो ते! माझं! ऑपरेटरला मी पेपर नेऊन दाखवला, तर तो नुसता म्हणाला, “म्हणजे मी बरोबरच लावले होते.”

आता तुम्ही म्हणाल, जिंकलात की! चौकट गेली, सदर वाचलं. हो, वाचलं. संपादकाने स्वतः येऊन सांगितलं, “सर, चालू ठेवा, वाचकांना हवंय.” म्हटलं, “ठीक, मग या गुरुवारी ‘एका बाहीचा कोट’वर लिहितो. आता तरी मोठी जागा दे.” तर मान वाकडी करून, तश्शीच, म्हणतो, “सर, तो आता श्रेष्ठ चित्रपटांत गेला. तुमचं सदर उरलेसुरले. तो तुमच्यात बसत नाही.” बसत नाही! सव्वीस वर्षं मी त्याला अंगाखांद्यावर खेळवला, आणि मोठा झाल्यावर चार तारेच्या घरी राहायला गेला!

भांडलो असतो. पण परत येताना डोक्यात आलं, की आता उरलं कोण? तो दुसरा! बरोबर क्रमाचा! जो थोरल्यांनी खरोखर काढला होता तो. आता त्याला जगात कोणी विचारत नाही. थोरले त्याचं नाव काढलं की म्हणतात, “आज गरम होतंय नाही?” मग माझ्या सदरात नाही येणार तर जाणार कुठे बिचारा?

गौरव-सप्ताहाच्या आयोजकांकडून त्याची सीडी मागून आणली आणि परवा दुपारी घरी लावला. बायको शेजारी, शेंगा सोलत. म्हटलं, या वेळी नीट बघायचा, प्रास्ताविक न करता. बाप कापड आणतो. टेबलावर येतो, खुर्ची ओढतो, “मीठ.” आणि तो मुलगा, रागावलेला, बापाकडे न बघता, मिठाचं भांडं उचलून पुढे करतो. बाप जिवंत असताना. वेळेवर! सव्वीस वर्षं मला वाटत होतं की त्याला फार उशीर झाला म्हणून बाप परत आला. त्याला उशीर झालाच नव्हता हो. तो बाप म्हणूनच परत येत नाही. कशाला येईल? त्याला मीठ मिळालं होतं.

बायकोने शेंगा बाजूला ठेवल्या. म्हणाली, “आता डबे बरोबर आहेत ना?” म्हटलं, “बरोबर आहेत.” “मग आता का रडताय?”

काय सांगणार कप्पाळ! हाही आवडला हो. आवडला म्हणजे आवडला… आली का पुन्हा सव्वीस वर्षं लिहायची पाळी!